जिला मी कामावर घेतलं

तिला कामावर मी घेतलं होतं. हे मी अजूनही लोकांना सांगते, आणि सांगून झालं की मलाच कसंतरी होतं. समोरचा माणूस हमखास म्हणतो, "मग तुम्हाला किती अभिमान वाटत असेल." मी हो म्हणते. अभिमान वाटतोही, वर्षातून एखाद्या वेळी. एरवी मला जे वाटतं त्याला हेवा म्हणतात, आणि हा शब्द स्वतःबद्दल लिहायला मला पन्नाशी ओलांडावी लागली.

लग्न होऊन मी गिरगावातून वसईत आले. एव्हरशाईन सिटीत चौथ्या मजल्यावर फ्लॅट, नवरा मुंबईत बँकेत. तो सकाळी बाहेर पडायचा तो दिवेलागण झाल्यावर परतायचा. मुलगी शाळेत जायला लागल्यावर मी वसई गावातल्या एका साप्ताहिकात काम धरलं. आठ पानांचा अंक, दर गुरुवारी निघायचा. त्याचे संपादक जवळच्या वटार गावचे, निवृत्त शिक्षक, घरामागे केळी-नारळाची वाडी असलेले ख्रिस्ती गृहस्थ. अख्खं वसई त्यांना सर म्हणायचं, म्हणून मीही म्हणायला लागले. आमचं ऑफिस म्हणजे पिठाच्या गिरणीवरची एक लांबट खोली. सकाळी टेबलावर बोट फिरवलं की बोटाला पीठ लागायचं.

मी मराठी घेऊन एम.ए. केलं होतं आणि त्याचा मला फार गर्व होता. येणाऱ्या बातम्या मी लाल पेनाने तपासायची. सरांना बरं नसलं की अग्रलेखही लिहायची. सरांना मूलबाळ नव्हतं. त्यांच्यानंतर हे साप्ताहिक माझ्याकडे येणार, असं कुणी कधी बोललं नव्हतं, पण मी ते मनात पक्कं धरून चालले होते.

मी तिथे बारा-तेरा वर्षं काढली होती तेव्हा ती आली. आमचा टायपिंग करणारा माणूस दुसरीकडे गेला होता म्हणून दारावर चिठ्ठी लावली होती. ती चिठ्ठी हातात घेऊनच वर आली, दारावरून सोलून काढलेली. वय बावीस, राहणार जूचंद्र, नायगावच्या एका क्लासमध्ये संगणक शिकलेली. वडील पूर्वी मिठागरावर कामाला होते, आता गावात उभ्या राहिलेल्या एका टॉवरच्या गेटवर वॉचमन. आई लग्नात धवले म्हणणारी. आगरी लग्नांत विधीच्या वेळी बायका जी गाणी म्हणतात ती धवला, आणि तिच्या आईला त्यासाठी पार पालघरपर्यंतची बोलावणी यायची.

"ही चिठ्ठी का काढलीस?" मी विचारलं.

"आनखी कोन आलं असतं ना," ती म्हणाली.

मी तिला अर्धं पान मजकूर सांगितला. तिने तो भराभर टाइप केला, आणि जिथे जिथे ण होता तिथे तिथे न केला. पानी, लोनी, कोनी. मी म्हटलं, "तुला टायपिंग येतं, मराठी येत नाही."

"मराठी येते ताई," ती हसून म्हणाली. "तुमची येत नाय."

कोपऱ्यातल्या टेबलावर सर मोठ्याने हसले. मला राग आला. तरी मी तिला घेतलं, कारण तेवढ्या वेळात तिने आठवडाभर अडलेला प्रिंटर उघडून आतला फाटका कागद काढून तो चालूही केला होता.

ती कामाला वाघ होती, हे मला तेव्हाही दिसत होतं. अंक छापायला जायच्या दिवशी जेवायलासुद्धा उठायची नाही. ऑफिसात कुणी तक्रार घेऊन आलं की ती टायपिंग थांबवून त्याला बसायला सांगायची, पाणी द्यायची, सगळं ऐकून घ्यायची. मला त्याची कटकट व्हायची. "लेखी आणून द्या," असं सांगून मी मोकळी व्हायची.

एका गुरुवारी पहिल्या पानावरचा मथळा 'पूर्वेला पानीटंचाई' असा छापून आला. चूक तिची होती आणि माझीही, कारण शेवटचं वाचन मीच केलं होतं. पण सकाळपासून ओळखीच्या चार जणांनी चेष्टेचे फोन केले होते. ती आल्या आल्या मी सगळ्यांसमोर तिला उभं केलं आणि सांगितलं, "बस, आणि पन्नास वेळा पाणी लिही. हाताने."

बावीस वर्षांच्या मुलीला मी हे सांगितलं. तिने जुन्या प्रुफाचा कागद घेतला, पाठकोऱ्या बाजूवर पन्नास वेळा लिहिलं आणि माझ्या टेबलावर आणून ठेवलं. मी मोजून पाहिलं. सर त्यांच्या जागेवरून बघत होते. त्या दिवशी ते नेहमीपेक्षा लवकर वटारला निघून गेले.

दिवाळीत जूचंद्रला रांगोळ्यांचं प्रदर्शन भरतं. त्या गावातल्या माणसांच्या हातात रांगोळी आहे. माणसाचा चेहरा असा काढतात की पाऊल टाकताना भीती वाटावी. तिने मला विचारलं, "ताई, मोबाइलवर व्हिडिओ काढून आपल्या पेपरच्या नावाने टाकू का? लोक बघतील."

"आपण पेपर काढतो," मी म्हटलं. "तमाशे नाही."

मग तिने तो स्वतःच्या नावाने टाकला. गावातल्या शाळेच्या वर्गात उभी राहून, फोन चुलत बहिणीच्या हातात देऊन ती आपल्या घरच्या बोलीत सांगत होती, आमचे गावान या, रांगोली बगा, ही माझे आतेभावानी काढलीय, याला तीन दिस लागले. मला तो दाखवला आमच्या इमारतीतल्या शेजारणीने. ती सोलापूरची, जूचंद्र कुठे आहे हेही तिला नीट माहीत नव्हतं. "किती गोड बोलते हो ही," ती म्हणाली. "तुमच्याकडेच आहे ना?" आठवड्याभरात तो व्हिडिओ आमच्या अंकापेक्षा कितीतरी जास्त लोकांनी पाहिला. मी मुलीकडे हेडफोन मागितले आणि स्वयंपाकघरात उभं राहून तो परत पाहिला. त्यात व्याकरणाच्या चुका शोधत होते. त्या बोलीला तिचं स्वतःचं व्याकरण असतं, हे मी एम.ए.ला शिकले होते. पण तेव्हा ते आठवलं नाही.

पुढे तिने पाण्याच्या बातम्या सुरू केल्या. वसई-विरारमध्ये राहणाऱ्याला सांगायला नको, इथे सकाळचा पहिला प्रश्न पाण्याचा असतो. किती वाजता येणार, किती वेळ राहणार, टँकर सांगायचा की नाही. तिने प्रत्येक भागात एक-दोन माणसं धरली. पाणी सोडणारे, सोसायट्यांचे वॉचमन, घरकाम करणाऱ्या बायका. वडील वॉचमन असल्यामुळे ही माणसं तिला परकी नव्हती. रोज सकाळी सातला ती फोनसमोर उभी राहायची आणि पहिलं वाक्य ठरलेलं, "पानी आयलं का?" मग कुठे येणार, कुठे नाही, कुठला रस्ता खोदलाय, कुठे वीज जाणार. सगळं मिळून पाच मिनिटं. पुढे नऊला ती गिरणीवरच्या खोलीत माझ्यासमोर टायपिंगला हजर.

नवरा दाढी करता करता विचारायचा, "आज पाणी किती वाजता आहे गं?" मी पटकन सांगायची. एकदा त्याने आरशातून माझ्याकडे बघत विचारलं, "तुला कसं कळतं रोज?" मी म्हटलं, वॉचमनने सांगितलं. खरं म्हणजे मी रोज पाहत होते, आवाज बारीक करून.

वर्षभराने तिने नोकरी सोडली. पेढे घेऊन आली आणि सरांच्या, मग माझ्या पाया पडली. मी म्हटलं, "जमलं नाही तर परत ये. लाजू नकोस." ऐकणाऱ्याला यात माया वाटली असेल. माझ्या मनात काय होतं ते मला माहीत आहे. ती परत यावी, मान खाली घालून यावी, एवढंच मला हवं होतं.

ती परत आली नाही. साथीच्या काळात सगळं बंद झालं, आमचा अंकही महिनोन्‌महिने छापला गेला नाही, आणि त्याच काळात ती मोठी झाली. कुठल्या दुकानात औषध आहे, कुठे खाट रिकामी आहे, कुठली रुग्णवाहिका फोन उचलते, हे ती दिवसातून तीनदा सांगायची, प्रत्येक ठिकाणी स्वतः फोन करून. माझ्या सासूबाईंना ऑक्सिजन लागला तेव्हा ज्या नंबरावर तो मिळाला तो नंबर मी तिच्याच बातम्यांतून उतरवून घेतला होता. सासूबाई वाचल्या. मी तिला धन्यवाद द्यायला फोन हातात घेतला आणि खाली ठेवला. उद्या करू म्हटलं. तो उद्या आलाच नाही.

साथ ओसरल्यावर तिने नायगाव पूर्वेला एक गाळा घेतला, माणसं ठेवली. चर्चच्या सणांचं थेट प्रक्षेपण सुरू केलं, ते आखातातली मुलं तिकडे बसून पाहू लागली. लग्नं, हळदी, गावकीच्या सभा. वसईच्या ख्रिस्ती लोकांच्या बोलीत वेगळं चॅनल, वाडवळांच्या बोलीत वेगळं, वर डहाणू-जव्हारच्या आदिवासी पाड्यांसाठी वेगळं. प्रत्येक ठिकाणी बोलणारी मुलगी त्याच गावातली. निवडणूक आली की उमेदवार तिच्या गाळ्याबाहेर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसून वाट बघायचे. मुंबईच्या मोठ्या वाहिनीने तिची मुलाखत घेतली. त्यात ती म्हणाली, "मला एका ताईंनी मराठी शुद्ध लिहायला शिकवलं. त्यांनी हात धरला नसता तर मी इथे नसते." पन्नास वेळांबद्दल चकार शब्द नाही. तिने ते सांगून माझी नाचक्की केली असती तर मला सोपं गेलं असतं. हे असं मोठेपणाने वागणं मला सहन होईना. मी टीव्ही बंद केला, आणि नवरा म्हणाला, "अगं, तुझंच सांगतेय ना ती."

आता जे सांगायचं आहे ते मी आजवर फक्त एका माणसाजवळ बोलले आहे.

वसईत एक निवृत्त मुख्याध्यापक होते. अर्ध्या गावाला त्यांनी इंग्रजी शिकवलं होतं. ते आजारी होते आणि नुकतेच हॉस्पिटलमधून घरी आले होते. मी आदल्याच संध्याकाळी त्यांना भेटून आले होते. चांगले उशीला टेकून गप्पा मारत होते. त्यांच्याच नावा-आडनावाचे दुसरे एक गृहस्थ विरारला राहायचे. ते आमचे जुने वर्गणीदार, त्यामुळे ही नावांची गफलत मला पक्की ठाऊक होती. टपालात त्यांचे अंक कैकदा बदलले जायचे.

सकाळी साडेसहाच्या आत माझ्या मोबाइलवर तिचा मेसेज आला. 'ताई, मुख्याध्यापक सर गेले असं कळलंय. घरचा फोन लागत नाय. तुम्हाला नक्की माहीत असेल. सातच्या आत सांगाल का?'

मी तो वाचला. वाचल्याच्या दोन निळ्या खुणा तिकडे उमटल्या असणार, हे मला कळत होतं. मला खरं उत्तर माहीत होतं आणि ते लिहायला अर्धं मिनिट लागलं नसतं. मी गॅसवर चहा ठेवला. मनात म्हटलं, एवढी मोठी झालीस ना, कर आता तपास. चहा गाळला, बशीत दोन बिस्किटं घेतली आणि सातची वाट बघत बसले.

सातला तिने पाण्याच्या वेळा सांगितल्या आणि मग आवाज खाली आणून मुख्याध्यापक गेल्याचं सांगितलं.

आठ वाजेपर्यंत त्यांच्या दारात हार घेऊन माणसं जमली. पुण्याहून मुलगा गाडी काढून निघाला. गेले होते ते विरारचे गृहस्थ; मुख्याध्यापक स्वतः आतल्या खोलीत पेपर वाचत बसले होते. त्यांच्या बायकोने दार उघडलं आणि समोरचे पांढरे कपडे बघून ती मटकन खाली बसली. हे मला नंतर कळलं. ते कळण्याआधीचा तास मी आनंदात होते, हे लिहून ठेवलं पाहिजे.

नऊच्या सुमारास ती स्कूटरवरून तिथे पोचली आणि तिथूनच फोन चालू केला. "मी चूक केली," ती म्हणाली. "बातमी तपासली नाय आणि सांगितली. सर इथे बसलेत, बरे हायेत. मी त्यांची आनि बाईंची माफी मागते. ज्यांना माझ्यामुळे रडायला लागलं त्यांचीपन मागते." तिचे डोळे लाल झाले होते. आपण कुणाला विचारलं होतं आणि उत्तर आलं नाही, असं ती बोलली नाही.

म्हातारे मुख्याध्यापक तिला म्हणाले, "आधी बस आणि चहा घे. मयताच्या घरचा आहे, पण साखर व्यवस्थित आहे."

ते तितकंच चित्रण गावभर, मग जिल्हाभर, मग मुंबईपर्यंत गेलं. चूक कबूल करणारी बातमीदार म्हणून तिच्यावर लेख आले. तिने दुसऱ्याच दिवसापासून दोन माणसं फक्त बातम्या तपासायला बसवली. ज्या खड्ड्यात मी तिला पडू दिलं, त्यातून ती वर आली ती आधीपेक्षा उंच. त्या आठवड्यात मी घरात कुणाशी धड बोलले नाही.

ती मला त्यानंतर अनेकदा भेटली. समारंभात, बाजारात, एकदा दातांच्या डॉक्टरांकडे. दर वेळी वाकून नमस्कार करायची. आज बोलेल, आज विचारेल, असं मला वाटायचं. ती मुलीची चौकशी करायची, सासूबाईंची करायची आणि निघून जायची.

अंक परत सुरू झाला होता, पण चारच पानांचा. सर थकले होते. एका रविवारी दुपारी त्यांनी मला वटारला बोलावलं. वीस वर्षं मी ज्याची वाट बघत होते ते आज बोलतील, अशा खात्रीने मी चांगली साडी नेसून गेले. ओट्यावर ती आधीच येऊन बसली होती. सरांच्या बायकोने सुकेळी, म्हणजे वाळवलेली केळी, आणि चहा पुढे ठेवला. सर बायकोशी त्यांच्या घरच्या बोलीत काहीतरी बोलले. वीस वर्षं ती बोली माझ्या कानावर पडत होती, फोनवर, ऑफिसच्या जिन्यात. मला त्यातलं एक वाक्य बोलता येत नव्हतं आणि कधी विचारावंसंही वाटलं नव्हतं. ती मात्र ऐकून हसली आणि त्याच बोलीत काही म्हणाली. सरांच्या बायकोने तिच्या पाठीवर थाप मारली.

मग सर माझ्याकडे वळले. "साप्ताहिक हिच्या नावावर करतोय," ते म्हणाले.

मी विचारलं, "आणि मी?"

"तू लिही. तू फार चांगलं लिहितेस."

"वीस वर्षं काढली मी तिथे, सर."

"माहीत आहे मला." ते म्हणाले, "रागावू नकोस पोरी. तुला भाषा आवडते. वाचणारी माणसं नाही आवडत. कुणी जिना चढून आलं की तुझ्या कपाळाला आठी पडायची. मी रोज बघायचो."

मी उठून मागे वाडीत गेले. केळींच्या मधून पाटाचं पाणी सोडलेलं होतं, साडीचा काठ भिजला. माझ्यामागून ती आली आणि थोडं अंतर ठेवून उभी राहिली.

"ताई, मी सरांना तुमचंच नाव सांगितलं होतं," ती म्हणाली.

"उपकार झाले."

"संपादक तुम्हीच व्हा. नाव तुमचं, मजकूर तुमचा. मी एक ओळ बदलनार नाय."

"मालकीण तू आणि नोकर मी, असंच ना?"

"तुम्हाला तसं वाटत असेल तर तसं."

ते ऐकून माझ्या तोंडून एकदम निघालं, "त्या सकाळी मी तुझा मेसेज वाचला होता. मुख्याध्यापकांचा. मला माहीत होतं ते जिवंत आहेत."

"ठाऊक हाय," ती म्हणाली.

"मग कधी बोलली का नाहीस?"

तिने केळीचं एक वाळकं पान ओढून काढलं. "पन्नास वेळा लिहायला लावलंत तेव्हा मला वाईट वाटलं, पन समजलं होतं. चूक झालेली. मेसेजचं मला समजलं नाय. आठ-दहा दिवस डोक्यात होतं. घरी आईला विचारलं, माझं काय चुकलं असेल. मग कामं आली. सोडून दिलं."

मी ज्या गोष्टीने तीन वर्षं आतल्या आत जळत होते, ती तिने दहा दिवसांत बाजूला ठेवली होती. तिला माझ्यावर रागवायलासुद्धा वेळ नव्हता. माफी मागायला हवी होती. माझ्या तोंडून आलं, "साडी भिजली माझी." ती म्हणाली, "चला, तिकडे ऊन हाय."

तीन आठवडे मी रुसून घरी बसले. नवऱ्याने काही उपदेश केला नाही. एका मंगळवारी रात्रीच्या जेवणाच्या वेळी फक्त म्हणाला, "गुरुवारचा अंक कोण काढणार आहे?" दुसऱ्या दिवशी मी नायगावला तिच्या गाळ्यावर गेले.

तेव्हापासून मी तिथेच काम करते. गाळ्याच्या जागी आता तीन मजली इमारत आहे, काचेचे दरवाजे, आत पन्नास-साठ मुलं-मुली कानाला काहीतरी लावून बसलेली. मला वेगळी खोली मिळाली, दारावर नाव लावलं. तिने शब्द पाळला. एक ओळ बदलली नाही. माफी मी एकदा मागितली, जिन्यात, चालता चालता, तिच्या हातात दोन फोन असताना. ती म्हणाली, "ताई, राहू द्या आता." माझ्या दारावर दिवसातून दहा वेळा टकटक होते. येणारा माणूस डोकं आत घालून विचारतो, "मॅडम कुठे बसतात?" पूर्वी मी नुसतं बोट दाखवायची. आता कधीतरी म्हणते, बसा, पाणी घ्या, काय काम होतं? हे मी तिचं बघून शिकले. तसं कबूल करायला मला आवडत नाही.

या वर्षी होळीनंतर ती माझ्या खोलीत आली, दार लावलं आणि समोरच्या खुर्चीत अंग टाकून बसली. तिशी उलटून काही वर्षं झालेली, पण त्या दिवशी ती माझ्या वयाची वाटली.

"ताई, मी हे देऊन टाकतेय," ती म्हणाली. मुंबईची एक मोठी कंपनी सगळी चॅनलं घेणार होती. इमारत, माणसं, सगळ्यांसकट. "साप्ताहिक नाय देनार. ते तुमच्याकडेच राहील."

"आणि तू?"

"मला कंटाळा आलाय. इतकी वर्षं सकाळी सात म्हनजे सात. आजारी पडले तरी सात. आईचा आवाज चाललाय ताई. तिला येतात ती निम्मी गानीपन कुठे उतरवलेली नाय. गावागावातल्या धवला म्हननाऱ्या धवलारनी म्हाताऱ्या झाल्या, दोन तर गेल्या वर्षी वारल्या. मला आता तेवढंच करायचंय."

कुणी शहाणं माणूस असतं तर त्याला तिचं कौतुक वाटलं असतं, किंवा काळजी. मला पुन्हा तिचा हेवाच वाटला. मी जे मिळावं म्हणून वीस वर्षं झुरले, त्याच्या शंभरपट तिच्याकडे आलं आणि ती ते खुर्चीतून उठल्यासारखं सोडून चालली होती. मला सरांच्या त्या खोलीतलं एक टेबलसुद्धा सोडवलं नव्हतं.

मी म्हटलं, "नीट विचार केलास ना?"

"केला," ती म्हणाली, आणि माझ्या टेबलावरची पाण्याची बाटली तोंडाला लावून निम्मी संपवली.

मे महिन्यात ती मला एका हळदीला घेऊन गेली, जूचंद्रच्या पलीकडे खाडीकडच्या एका घरी. मांडवात तिची आई आणि आणखी दोन बायका जमिनीवर बसून धवला म्हणत होत्या. तिच्या आईचा आवाज मध्येच तुटायचा, मग दुसरी बाई तो उचलून पुढे न्यायची. ती त्यांच्या मधोमध मांडी घालून बसली होती, छोटं रेकॉर्डिंगचं यंत्र पदराखाली धरून, म्हणजे पंख्याचा वारा लागू नये. ओठ हलत होते. गाणी तिला पाठ होती. कुणी तिच्याकडे मालकीण म्हणून बघत नव्हतं. एका म्हातारीने तर तिला कांदे चिरायला उठवलं आणि ती गेलीही.

मला खुर्ची दिली होती. अर्ध्या तासाने मी खाली चटईवर जाऊन बसले. गुडघे दुखले. एका गाण्यातला एक शब्द मला कळला नाही, तो मी शेजारच्या बाईला विचारला. तिने अर्थ सांगितला आणि माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतला, कारण मी पहिल्यांदा चुकीचा म्हटला.

त्या हळदीवर मी अंकात पानभर लिहिलं. गेल्या कित्येक वर्षांत इतकं बरं लिहिलं नव्हतं, हे लिहितानाच समजत होतं. छापून आला तसा अंक मी तिच्याकडे पाठवला. ती तेव्हा आईला घेऊन डहाणूकडे गेली होती, तिथे म्हणे एका पाड्यावर फार जुनी गाणी येणारी बाई आहे. अजून परत आलेली नाही. तिच्या चुलत बहिणीला मी आतापर्यंत दोनदा फोन केला, ती कधी येणार ते विचारायला. काही काम नव्हतं. तिने तो लेख वाचला का, एवढंच मला हवंय.